खड्याचा रंग अंगावर पाहावा

सराफाच्या दुकानातले पिवळसर दिवे सोन्यासाठी लावलेले असतात. त्या उजेडात सोने उजळते, माणिक तर पेटून उठते. नीलम मात्र काळवंडतो. त्या दिव्यांत लाल-पिवळा प्रकाश जास्त आणि निळा कमी, एवढेच त्यामागचे कारण. दुकानात मनात भरलेली माणकाची अंगठी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली मलूल वाटते, ती त्यामुळेच. आणि 'फार काळा आहे' म्हणून बाजूला ठेवलेला नीलम कदाचित खिडकीशी नेला असता तर पसंत पडला असता.

रंगीत खड्यांचे मुरलेले व्यापारी म्हणूनच दिवसाच्या उजेडात, शक्यतो उत्तरेकडच्या खिडकीशी बसून माल पाहतात. आपल्या गोलार्धात त्या बाजूने सहसा थेट ऊन येत नाही आणि उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. आधी खडा पांढऱ्या कागदावर ठेवतात, मग चिमट्यात धरून फिरवतात आणि शेवटी डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात बसवून मूठ किंचित वळवतात. कागदावर सुरेख वाटलेला खडा त्वचेवर कसा दिसतो, ते तिथे कळते. गिऱ्हाइकानेही एवढे तीन टप्पे मागून घ्यावेत. खडा घेऊन दाराशी जाऊ द्यायला चांगला सराफ नाही म्हणत नाही. फार तर सोबत दुकानातला माणूस देतो.

हिऱ्यासाठी ठरलेली प्रतवारी आहे. रंगहीन ते पिवळसर अशी अक्षरांची श्रेणी जगभर मानली जाते आणि त्यावरून किंमत बऱ्याच अंशी ठरते. रंगीत खड्यांना अशी एकच सर्वमान्य मोजपट्टी नाही. त्यामुळे घेणाऱ्याच्या नजरेवर इथे जास्त भार पडतो, आणि ती नजर सवयीने तयार करता येते.

रंग नेमका कोणता?

'लाल खडा दाखवा' म्हटले की सराफ दहा प्रकारचे लाल पुढे मांडतो आणि गोंधळ सुरू होतो. मराठी घरांत मात्र रंगांची फार बारीक भाषा आहे; ती साडीच्या दुकानात वापरली जाते, सराफाकडे जाताना घरीच राहते. डाळिंबी, राणी, गुलबक्षी, आमसुली, अंजिरी हे सगळे लालाच्या कुळातले, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. हीच भाषा खड्यांना लावून पाहावी. उत्तम माणिक डाळिंबाच्या दाण्याकडे झुकते, कमी किमतीची बरीच माणके राणी रंगाकडे जातात, तामडा म्हणजे गार्नेट पुष्कळदा आमसुली असतो. हिरव्यात पेरिडॉट पोपटी, तर पाचू गर्द, कधी किंचित निळसर हिरवा. निळ्यात चिंतामणी रंग आवडणाऱ्या बाईला काळपट नीलम आवडण्याची शक्यता कमीच.

रंग पाहताना तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: छटा कोणती, गडदपणा किती आणि तजेला किती. फसगत होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्याची गल्लत झाल्यामुळे. गडद म्हणजे भारी असे समजून घेतलेला खडा संध्याकाळच्या लग्नात नुसता काळा ठिपका दिसतो. उलट मध्यम गडदपणाचा पण तजेलदार खडा खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही आपला रंग सांगतो. ज्यात करडी किंवा तपकिरी झाक मिसळलेली आहे, तो दुकानात कितीही मोठा वाटला तरी अंगावर मार खातो.

काही माणके उन्हात फुलतात, त्याचेही कारण ठाऊक असावे. माणकाचा लाल रंग क्रोमियममुळे येतो. म्यानमारच्या मोगोक भागातल्या माणकांत लोह अगदी कमी असते, त्यामुळे उन्हातल्या अतिनील किरणांनी ती आतून लाल चमकतात. लोह जास्त असलेल्या माणकात ही धग दबते. दोन माणके दिव्याखाली सारखी दिसली तरी अंगणात वेगळी दिसतात ती यामुळे.

आणखी एक सोपी तपासणी आहे. सुटा खडा छापील कागदावर पालथा न घालता, नेहमीसारखा तोंड वर करून ठेवावा. मधोमध खालची अक्षरे स्वच्छ वाचता आली, तर खडा उथळ कापलेला आहे. वजन आणि रुंदी दिसावी म्हणून असे कापतात. पण मध्यभागातून प्रकाश परत न येता आरपार निघून जातो आणि तिथला रंग फिका पडतो. अंगठीत बसवल्यावर हीच जागा सगळ्यांच्या नजरेसमोर राहते.

त्वचा, सोने आणि कापड

मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर उबदार रंग, निळसर दिसल्या तर थंड रंग, असा सल्ला मासिकांत वारंवार वाचायला मिळतो. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण त्यावर निर्णय सोडू नये. गव्हाळ वर्णापासून सावळ्यापर्यंतच्या त्वचेवर पिवळे सोने, पोवळे, पाचू, माणिक सारखेच खुलताना दिसतात. सावळ्या रंगाला फक्त फिकट खडे घालावेत ही समजूत तर सोडूनच द्यावी. तजेलदार जांभळा ॲमेथिस्ट किंवा गर्द हिरवा पाचू सावळ्या गळ्यावर जितका उठून दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसत असेल. आरशासमोर खडा हनुवटीखाली धरावा आणि आधी चेहऱ्याकडे पाहावे. चेहरा टवटवीत वाटला तर खडा आपला; नजर खड्यावरच अडकली आणि चेहरा फिका वाटला तर दुसरा मागावा.

धातूही रंगात भर घालतो किंवा तो बिघडवतो. पारदर्शक, फिकट खड्यातून मागचे सोने दिसते. म्हणून आकाशी ॲक्वामरीन पिवळ्या सोन्यात बसवले की ते हिरवट वाटू लागते. चांदीत किंवा पांढऱ्या सोन्यात त्याचा निळा टिकतो. ॲमेथिस्ट आणि चंद्रकांत चांदीत शोभतात आणि खिशालाही परवडतात. माणिक, पाचू, पोवळे यांना २२ कॅरेटचे पिवळेपण मानवते. मात्र बारीक नख्यांनी धरलेल्या खड्यासाठी २२ कॅरेट सोने मऊ पडते. त्यात ९१.६ टक्के शुद्ध सोने असते. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. बाकीच्या धातूंमुळे आलेला कडकपणा नख्यांच्या कामी येतो, म्हणून रोजच्या अंगठीसाठी १८ कॅरेट सुचवले तर त्यात फसवणूक नाही.

कुंदनकामाची रीत निराळी. तिथे खडा मागून बंद असतो आणि त्याच्या तळाशी चकचकीत पातळ वर्ख घालून रंगाला उजाळा दिलेला असतो. त्या कोंदणात पाणी शिरले की वर्ख काळवंडतो आणि खडा विझल्यासारखा दिसतो. कुंदनाचा हार घरी साबणाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ करू नये; कोरड्या मऊ कापडाने पुसावा, एवढे पुरे.

कपाटातल्या साड्या आणि कुर्ते एकदा रंगांप्रमाणे मांडून पाहावेत. ज्या रंगाचे कपडे सर्वांत जास्त, त्याच रंगाचा खडा घेण्याची ओढ साहजिक असते, पण मोरपंखी पैठणीवर तसाच निळसर हिरवा खडा हरवून जातो. काठाचा किंवा पदरातल्या एखाद्या बुट्टीचा रंग खड्यात आला, तर तो दिसतो आणि साडीशी नातेही जोडतो. पदराचा कोपरा पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि खडा त्यावर ठेवून पाहावा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. त्यात दोन्हींचे रंग बदललेले असतात.

लाल, हिरवा आणि मधला पांढरा

अनेक रंगांचे खडे एकत्र घालायला पुष्कळजण बिचकतात. महाराष्ट्रातले जुने दागिने याबाबतीत सरळ रस्ता दाखवतात. नथीत लाल आणि हिरवा हे एकमेकांना छेद देणारे रंग असतात, पण त्यांच्याभोवती मोत्यांचा पांढरा असतो. चिंचपेटीत मोत्यांचा पट्टा जवळजवळ सगळी जागा घेतो आणि रंग मधल्या खड्यापुरता राहतो. तन्मण्याच्या सरींमध्ये खोडाला तेवढा खड्यांचा रंग दिलेला असतो. कोल्हापुरी साजात बाकीची पाने सोन्याची आणि त्यांत माणिक व पाचूची दोन पाने. रंग थोडा, त्याला मोकळी जागा भरपूर, आणि दोन जोरकस रंगांच्या मध्ये पांढरा किंवा सोन्याचा पट्टा: ही मांडणी कुठल्याही आधुनिक सेटला लावता येते.

परदेशी जवाहिऱ्यांनीही हेच केले. पॅरिसच्या कार्तिए घराण्यातले जाक कार्तिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भारतात आले. इथली पानाफुलांसारखी कोरलेली माणके, पाचू आणि नीलम त्या पेढीने मोठ्या प्रमाणावर वापरले. पुढे 'तुत्ती फ्रुत्ती' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या दागिन्यांत लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी येतात आणि प्लॅटिनम व बारीक हिरे त्यांना वेगळे ठेवतात. नथीत मोती जे काम करतो, ते तिथे हिऱ्यांनी केले.

राजकुमारी डायना यांची १९८१ ची साखरपुड्याची अंगठी हे दुसरे उदाहरण. १२ कॅरेटचा अंडाकृती सिलोनी नीलम आणि भोवती १४ हिरे. निळा रंग गडद असल्याने हिऱ्यांच्या वलयामुळे त्याची कड स्पष्ट होते आणि खडा दुरूनही ओळखू येतो. २०१० मध्ये तीच अंगठी केट मिडलटन यांच्या बोटात आली. गडद खडा आवडत असेल आणि तो काळा दिसण्याची भीती वाटत असेल, तर भोवती बारीक मोत्यांचे किंवा पांढऱ्या खड्यांचे वलय मागावे.

एका वेळी किती घालावे? गळ्यात भरघोस रंग असेल तर कानांत मोत्याच्या कुड्या किंवा साधे सोने ठेवावे. झुमक्यांना मोठे खडे असतील तर गळा मोकळा सोडावा. बोटातल्या अंगठीचा खडा मात्र वेगळ्या रंगाचा असला तरी खटकत नाही, कारण तो चेहऱ्यापासून लांब असतो. सगळे एकाच सेटमधले हवे हा आग्रह सोडला, की घरात आहेत त्याच दागिन्यांतून कितीतरी नव्या जोड्या निघतात.

बोटात काय, कानात काय

आवडलेला खडा कुठे घालायचा, याचे उत्तर त्याच्या कठीणपणात आहे. मोह्सच्या श्रेणीत हिरा १०, माणिक आणि नीलम ९, लसण्या ८.५, पाचू साधारण ७.५ ते ८, ॲमेथिस्ट ७. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ आहे. त्याहून मऊ खड्यावरची धूळ नुसती पुसली तरी वर्षानुवर्षांच्या बारीक ओरखड्यांनी झळाळी जाते. चंद्रकांत, ओपल, फिरोजा, पोवळे आणि मोती हे सगळे या रेषेच्या खालचे. ते कानांत आणि गळ्यात वर्षानुवर्षे छान राहतात. भांडी घासणाऱ्या, कीबोर्ड बडवणाऱ्या, बसची दांडी पकडणाऱ्या हाताच्या बोटात ते लवकर थकतात.

पाचूला वेगळी काळजी लागते. तो कठीण असला तरी त्याच्या पोटात बहुधा बारीक चिरा असतात आणि त्या झाकण्यासाठी तेल भरण्याची जुनी पद्धत आहे. ठोकर लागली तर तो चिरेवर फुटतो. गरम पाण्याने किंवा ध्वनिकंपनाच्या यंत्रात धुतल्याने तेल निघून चिरा दिसू लागतात. पाचूचे कोपरे कापून चौकोनाचा अष्टकोन करतात तोही कोपरे उडू नयेत म्हणून. अंगठी हवीच असेल तर चारी बाजूंनी सोन्याची कड असलेले कोंदण घ्यावे.

मोती आणि पोवळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर या सगळ्यांनी त्यांची झळाळी उतरते. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, मोती सर्वांत शेवटी. काढताना मोती सर्वांत आधी. घरी आल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसून, सुकवून ठेवावेत. सर सैल वाटू लागला, मोत्यांमध्ये दोरा दिसू लागला, की तो पुन्हा गाठवून घ्यावा. दोन मोत्यांमध्ये गाठ असली तर दोरा तुटला तरी सगळा सर सांडत नाही.

राशीचा खडा आणि आवडीचा खडा

अनेक घरांत पहिला रंगीत खडा ज्योतिषाच्या सांगण्यावरून येतो. ती श्रद्धेची बाब आहे आणि तिचा मान ठेवूनही आवडीला जागा उरते. पुष्कराज घालायचा ठरला असला तरी त्याचा पिवळा लिंबासारखा हवा की केशराकडे झुकणारा, अंगठी जाड हवी की नाजूक, हे घालणाऱ्यानेच ठरवायचे असते. दुकानदार 'पुष्कराज' म्हणून पिवळा नीलम देतो आहे की त्याच नावाखाली टोपाझ किंवा सुनेला, हेही विचारून घ्यावे. तिन्ही वेगळी खनिजे आहेत आणि किमतींत मोठे अंतर आहे.

इंग्रजी महिन्यांप्रमाणे जन्मरत्नांची जी यादी आज सर्वत्र दिसते, ती अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये ठरवलेली आहे. टांझानियात १९६७ मध्ये सापडलेला टांझानाइट तिच्यात २००२ मध्ये डिसेंबरसाठी घालण्यात आला. भेट देताना ही यादी सोयीची पडते. पण मैत्रिणीचा जन्म मे महिन्यातला आणि तिला हिरवा रंग मुळीच आवडत नसेल, तर पाचूचा हट्ट धरू नये.

किंमत आणि कागद

रत्ती किंवा कॅरेटवरून दोन वेगळ्या खड्यांची तुलना करताना एक ध्यानात ठेवावे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पण माणिक पाचूपेक्षा बरेच घन असते, त्यामुळे सारख्याच वजनाचा पाचू दिसायला मोठा असतो.

माणिक आणि नीलम तापवून त्यांचा रंग सुधारणे ही सर्रास आणि व्यापारात मान्य असलेली रीत आहे. फक्त ते सांगितले पाहिजे आणि किंमत त्यानुसार असली पाहिजे. चिरांमध्ये काच भरलेली माणके मात्र वेगळ्याच दर्जाची. ती स्वस्त असतात, मोठी आणि स्वच्छ दिसतात, पण सोनाराच्या ज्योतीने, इतकेच काय लिंबाच्या रसानेही, भरलेली काच खराब होते. कारखान्यात बनवलेले माणिक तर शतकभर जुने आहे. फ्रान्सच्या ऑग्यूस्त वेर्नोय यांनी ज्वालेत माणिक तयार करण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यामुळे आजीच्या दागिन्यातले लालभडक, डाग नसलेले माणिक तसे निघण्याची शक्यता असते. ते निघाले म्हणून दागिना टाकाऊ होत नाही. फक्त त्याच्यावर खाणीतल्या माणकाची किंमत लावू नये.

हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात. खड्याबद्दल ते काही सांगत नाहीत. बिलावर एकूण वजन, खड्यांचे वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. नाहीतर खड्यांचे वजनही सोन्याच्या भावाने मोजले जाते आणि विकायला गेले की तेवढे वजन वजा होते. महाग खड्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे. मुंबई आणि जयपूर दोन्हीकडे अशा प्रयोगशाळा आहेत. प्रमाणपत्रावर खनिजाचे नाव, वजन, मापे, नैसर्गिक की कृत्रिम, आणि केलेली प्रक्रिया या पाच नोंदी पाहाव्यात.

घरातल्या डब्यातून सुरुवात

नवे घेण्याआधी जुना डबा उघडावा. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी गायकवाड यांच्या पैंजणांतले पाचू आणि हिरे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी १९५० च्या दशकात घेतले, त्यांचा हार केला आणि तो विंडसरच्या डचेसने विकत घेतला. पायातले खडे गळ्यात आले. मोडलेल्या बुगडीतले माणिक, जोड हरवलेल्या कुडीचे मोती, आजोबांच्या अंगठीतला गोमेद यांचेही असेच नवे दागिने होतात. सोने वितळवायला देण्याआधी खडे आपल्यासमोर काढून घ्यावेत, मोजावेत, त्यांचा फोटो काढावा आणि कडा उडालेल्या नाहीत ना ते भिंगातून पाहावे.

डब्यात काहीच नसेल तर पहिली खरेदी लहान ठेवावी. ॲमेथिस्ट एकेकाळी माणिक-पाचूच्या रांगेत बसत असे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये मोठे साठे सापडले आणि त्याची किंमत उतरली. तजेलदार जांभळा आज त्यामुळे सहज परवडतो. तामडा, पेरिडॉट, सुनेला, चंद्रकांत यांचेही चांदीतले कानांतले जोड थोडक्यात होतात. असा एखादा जोड ऑफिसला, बाजारात, हळदीकुंकवाला, लग्नाला, उन्हात आणि रात्री घालावा. कोणत्या कपड्यांबरोबर तो आपोआप हाती येतो आणि कोणत्या वेळी नकोसा वाटतो, हे काही महिन्यांत उमगते. त्यानंतर त्याच छटेतला मोठा खडा शोधायला निघावे, दिवसाउजेडी, आणि ज्या कपड्यांवर तो घालायचा आहे त्यांतलेच काही अंगात घालून.